चंडोलाची धाप

१

इल्पो हार्तोनेन दिवसा योएन्सू शहराच्या पाणीखात्यातले संगणक सांभाळायचा आणि उरलेल्या वेळात किउरू सांभाळायचा. किउरू म्हणजे चंडोल. संगणकावर गाणी वाजवणारा हा साधासा प्रोग्राम इल्पोनं तरुणपणी स्वतःपुरता लिहिला होता, मग हौसेनं लोकांना फुकट वाटला होता. पुढे जगभरातले काही हजार लोक तो वापरू लागले. वापरणारे आले तशा तक्रारीही आल्या. त्याची बायको मार्युक्का म्हणायची, याला दोन बायका आहेत आणि दुसरीचीच पत्रं जास्त येतात.

सगळ्यात जास्त येणारी तक्रार एकच होती: किउरू प्रोसेसर खातो. इल्पोचं उत्तरही ठरलेलं होतं. पडद्यावर नाचणाऱ्या रंगीत पट्ट्या बंद करा, आवाजावरचे घुमारा-प्रतिध्वनीसारखे सगळे संस्कार काढून टाका, मशीन बंद करून पुन्हा चालू करा. दहांपैकी नऊ जण त्यानंतर पुन्हा लिहीत नसत.

मे महिन्यात लिएक्साहून सायमी कार्ना नावाच्या बाईंची मेल आली. त्यांनी लिहिलं होतं, "तुमचा चंडोल गातो छान. पण गाणं संपलं की धापा टाकतो. गाताना टाकत नाही. हे उलट नाही का?"

इल्पोनं ठरलेलं उत्तर पाठवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा मेल. सांगितलेलं सगळं केलं, प्रोसेसरवरचा भार दाखवणारी, भाच्यानं शिकवलेली पडद्यावरची खिडकी उघडून पाहिलं, गाणं चालू असताना किउरू प्रोसेसरचे तीन टक्के घेतो आणि गाणं संपून नुसती शांतता उरली की शंभर. पंखा इतका घरघरतो की शांतता ऐकूच येत नाही.

ते शेवटचं वाक्य इल्पोनं पुन्हा वाचलं. शांतता ऐकायला बसणारी बाई त्याला आवडली. आणि बाईंचं म्हणणं रास्त होतं. वाजवायला काही नसताना प्रोसेसरनं आराम करायला हवा. असली तक्रार पूर्वी एकदा तार्तूहून आणि एकदा पोर्तोहून आली होती, तेव्हा त्यानं मशीनलाच दोष देऊन विषय मिटवला होता.

इल्पोची तळ्याकाठची झोपडी लिएक्साच्या वाटेवरच होती. जूनमधल्या एका शनिवारी तिचं गळकं छप्पर बघायला जायचं होतं. त्यानं बाईंना कळवलं, जाताजाता डोकावून जाईन.

२

घर गावाबाहेर बर्चच्या झाडांमध्ये होतं, लाकडी, बैठं, लाल रंगाचं. सायमी पंचाहत्तरीची होती, उंच, केस पुरुषासारखे कापलेले. इल्पोनं दारात बूट काढले आणि तो "बाई, तुमचा संगणक" म्हणू लागला, तर तिनं हात पुढे केला.

"मी सायमी. वयानं मोठी मी आहे, तेव्हा मीच सुचवते. अहो-जाहो सोडू या. स्वयंपाकघरात बसून एकमेकांना अहो म्हणणारी माणसं मला चर्चमध्ये बसल्यासारखी वाटतात."

"इल्पो," तो म्हणाला आणि त्यानं हात हातात घेतला.

तिनं कॉफी ओतली, वेलदोड्याचा गोड पाव कापला. बोलताबोलता घराची माहिती निघाली. नवरा एल्यास लाकडाच्या गिरणीत होता. भुशानं त्याची फुप्फुसं खाल्ली. तीन वर्षांपूर्वी गेला. त्याला पायपेटीचा नाद. रोज कामावरून आला की पेटीपाशी बसायचा आणि स्वतःचं वाजवणं टेपवर धरून ठेवायचा. कशासाठी, ते त्यानं कधी सांगितलं नाही. गेल्या हिवाळ्याआधी भाच्यानं त्या सगळ्या टेपा संगणकात घालून दिल्या.

"वाजवायचा बेताचंच," सायमी म्हणाली. "पण वाजवून झालं की तो लगेच टेप बंद करायचा नाही. दम लागलेला असायचा. हात मांडीवर ठेवून बसून राहायचा. ते बसणं टेपमध्ये आलंय. मी त्याच्यासाठीच लावते. विणत बसते, बोलते त्याच्याशी."

इल्पोनं मान डोलावली. त्याची आईही वडिलांच्या खुर्चीशी बोलायची.

३

संगणक बैठकीच्या खोलीत पायपेटीशेजारीच होता. सायमीनं एक फाइल लावली. पेटीचे भाते भरले, एक जुना वॉल्ट्झ, नाचाची धून, अडखळत सुरू झाला, अडखळत संपला. मग टेपची खरखर, आणि त्या खरखरीत एका माणसाचा श्वास, वर शिटी वाजल्यासारखा, आखूड, चिकट. थोड्या वेळानं खट्‌ असं बटण वाजलं. खरखर थांबली. पुढे भाच्यानं सोडलेली कोरी जागा.

आणि पंखा सुटला. आधी गुरगुर, मग घरघर, मग एकसारखा वारा. टेबलाचं लाकूड थरथरू लागलं. इल्पोनं पडद्यावर भाराची ती खिडकी उघडून पाहिली. शंभर टक्के.

त्याला बरं वाटलं, कारण हे दुखणं ओळखीचं होतं. त्यानं सायमीला समजावून सांगितलं. यंत्राला आवाज म्हणजे नुसते आकडे. मोठा आवाज मोठा आकडा, शांतता म्हणजे शून्य. या दोन्हींचं त्याला काही ओझं नाही. त्याचा जीव काढतात ते शून्याच्या अगदी अलीकडचे आकडे. जवळजवळ काही नाही, पण काही नाही असंही नाही. ते मोजताना यंत्राची दमछाक होते, एखाद्याला पोतंभर खसखस दाणा दाणा मोजायला बसवावं तशी.

"म्हणजे ती शांतता नाहीच," सायमी म्हणाली.

"शांतताच. कुठल्यातरी संस्कारानं मागे सोडलेला चुरा असतो तो."

पण सगळे संस्कार तिनं आधीच बंद केलेले होते. त्यानं स्वतः पाहिलं, बंदच होते. मग दुसरी अडचण त्याच्या ध्यानात आली. फाइल साध्या प्रकारची होती. शिंप्याच्या टेपनं केसाची जाडी मोजता येत नाही, तसा इतका बारीक आकडा त्या फायलीत मावतच नव्हता. त्यानं फाइल स्वतःच्या लॅपटॉपवर घेतली आणि तिथं किउरूमध्ये लावली. वॉल्ट्झ संपला, कोरी जागा आली, लॅपटॉप गप्प राहिला. तीन टक्के.

म्हणजे आकडे फायलीतून येत नव्हते. इथूनच कुठूनतरी येत होते. मशीनची मेमरी बिघडली असेल, असं त्यानं स्वतःशी ठरवलं. तसं मोठ्यानं बोललाही. सायमीनं विणकामाची टोपली ओढून घेतली.

४

मेमरी तपासली. ठीक होती. इंटरनेटची वायर काढली. फरक नाही. माइक जोडलेला आहे का पाहिलं, तर घरात माइक नव्हताच. आता तो चुरा ऐकून पाहण्याशिवाय काही उरलं नव्हतं. इल्पोनं किउरूला आकडे कितीतरी कोटी पटींनी वाढवून वाजवायला लावलं. नुसता बिघाड असेल तर फटाके उडाल्यासारखं काहीतरी येईल, असा त्याचा अंदाज होता.

स्पीकरमधून एक खोली आली. रिकाम्या खोलीला स्वतःचा एक आवाज असतो, हे ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना माहीत असतं. तो आवाज होता. भिंती, लाकूड, मऊ सतरंजी. खिडकीवर माशी आपटत होती. इल्पोनं मान वळवली. समोरच्या काचेवर माशी आपटत होती, त्याच ठेक्यात.

मग श्वास आला. आत, लांब. इतका लांब की आता संपेल असं वाटल्यावरही चालूच राहिला. मग बाहेर, तितकाच सावकाश. तोंड स्पीकरच्या जाळीला लावल्यासारखा जवळ.

"हे टेपचंच काहीतरी..." इल्पो म्हणाला.

श्वास थांबला.

इल्पो बोलायचा थांबला. काही वेळानं श्वास पुन्हा सुरू झाला. त्यानं घसा खाकरला. श्वास थांबला. तो गप्प राहिला, श्वास सुरू झाला. दाराआड उभं राहून ऐकणारं माणूस आतल्यांचा शब्द निसटू नये म्हणून जसा श्वास धरतं, अगदी तसा. इल्पोनं योगायोग मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. त्यानं फाइल पुन्हा पहिल्यापासून लावली. पुन्हा वॉल्ट्झ, खरखर, बटणाचा खट्‌. आणि मग श्वास. पण या खेपेला वेगळ्या जागी सुरू झालेला.

बाहेर लख्ख ऊन होतं. शेजारच्या शेतात कोणीतरी ट्रॅक्टर चालवत होतं. या गोष्टी तो मुद्दाम पाहत राहिला.

५

"एल्यास असा श्वास घेऊ शकत नव्हता," सायमी म्हणाली. तिच्या हातातल्या सुया थांबल्या नव्हत्या. "तू ऐकलास ना त्याचा, टेपमध्ये. अंगण ओलांडलं तरी बसायचा. त्याच्या छातीत एवढी हवा मावलीच नसती."

इल्पोनं आवाज पार कमी केला. तरी पंखा चालूच होता.

"तुला हे आधीच माहीत होतं?"

"नीट ऐकू येत नव्हतं पंख्यामुळे. पण कळत होतं, कुणीतरी ऐकतंय. मला वाटलं, तोच असेल. दुसरं कोण असणार?" तिनं विणकाम मांडीवर ठेवलं. "एल्यास एवढं ऐकायचा नाही, खरं सांगायचं तर. मी बोलायला लागले की तो पेटीकडे जायचा. म्हणून या ऐकण्यानं मला फार बरं वाटलं बघ. आख्खा हिवाळा मी बोलत होते. लहानपणापासूनचं सगळं. लेम्पीशी, माझ्या बहिणीशी, का भांडले. ती कुठं राहते. माझी औषधं कुठली. किल्ली कुठं असते. कुणालाही सांगितलं नाही ते सांगितलं."

ती जराही आवाज न चढवता बोलत होती.

"मग वसंतात एकदा शंका आली. म्हणून तुला लिहिलं. मशीन कळणारं कुणीतरी येऊन म्हणेल की हा एल्यास आहे, किंवा म्हणेल की काही नाही."

इल्पोनं फायलींची यादी उघडली. त्यानं विचारलं, फायली पुसून टाकू का. तिनं नको म्हटलं. त्यांत एल्यासचं वाजवणं होतं.

"ते बंद होईल असं काही कर," ती म्हणाली.

६

करणं सोपं होतं. किउरूमध्ये एक ओळ घालायची: शून्याच्या इतक्या जवळचा कुठलाही आकडा आला, तर तो शून्यच समज. सगळे प्रोग्राम लिहिणारे हे करतात. इल्पोनं आळसानं इतकी वर्षं केलं नव्हतं. त्यानं तिथंच बसून ओळ लिहिली, नवा किउरू तिच्या संगणकावर चढवला आणि वॉल्ट्झ लावला.

गाणं संपलं. खरखर, शिटी वाजणारा श्वास, खट्‌. कोरी जागा. पंखा जागचा हलला नाही. घर इतकं शांत झालं की फ्रीजचं गुणगुणणं स्वयंपाकघरातून ऐकू आलं.

सायमी बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "गेलं." आणि त्याला बळंबळं उरलेला पाव कागदात बांधून दिला.

छप्पर पाहायचं राहूनच गेलं. इल्पो थेट घरी परतला. रविवारी सकाळी त्यानं तो नवा किउरू सगळ्यांसाठी खुला केला. दुपारपर्यंत आभाराच्या मेल आल्या. एकानं लिहिलं, माझ्या जुन्या मशीनला नवा जन्म मिळाला. मार्युक्कानं बातमी ऐकून विचारलं, एक ओळ लिहायला वीस वर्षं लागली का. तो हसला. त्या खोलीतलं त्यानं तिला सांगितलं नव्हतं. सांगायला काही धड नव्हतंही. बिघडलेल्या मशीनमधून विचित्र आवाज आला आणि दोन शहाणीसुरती माणसं घाबरली, असंच त्याचं मत बनत चाललं होतं.

७

दुपारची जेवणं झाल्यावर सायमीचा फोन आला. इल्पो अंगणात र्‍हुबार्बची आंबट देठं कापत होता.

सगळं ठीक आहे ना, त्यानं विचारलं. ती म्हणाली, ठीक आहे, संगणक बंदच आहे, पंखा काल तू गेल्यापासून वाजला नाही. मग दोघं क्षणभर गप्प राहिली. इल्पोला तिचा श्वास ऐकू येत होता. लांब, सावकाश. या वयात छाती चांगली आहे बाईची, असं त्याच्या मनात आलं.

"तू धावत आलास की काय फोनला?" सायमी म्हणाली. "केवढा श्वास लागलाय तुला."

इल्पोनं सुरी खाली ठेवली. त्यानं स्वतःचा श्वास रोखून धरला. फोनमधला चालूच होता.

तिला खोटं सांगावं असं त्याला वाटलं. हो म्हणावं, जिना चढून आलो म्हणावं. पण खरं काय ते सांगेल म्हणून काल ती त्याच्याकडे पाहत होती, आणि तेव्हा ते त्याला सांगता आलं नव्हतं.

"तो मी नाही, सायमी."

"मला वाटलंच," ती म्हणाली. "तो तुझ्या बाजूनं येत असेल, अशी मी जरा आशा धरून होते."

"घराबाहेर पड."

"ते माझ्या आणि दाराच्या मध्ये आहे. दिसत नाही काही. पण मी बोलते तोवर जागचं हलत नाही. ऐकत बसतं. सकाळपासून बोलतेय, घसा सुकला. म्हणून म्हटलं, दुसरं कुणीतरी बोलेल."

इल्पोनं गाडीची किल्ली उचलली, मार्युक्काला निघालो एवढंच सांगितलं, फोन गाडीतल्या स्पीकरला जोडला आणि निघाला. बोलत राहा, तो म्हणाला, मी येतोय, मग तू बहिणीकडे जा.

"लेम्पीचा पत्ता त्याला मीच सांगितलाय."

"मग आमच्याकडे. आमचं घर..."

"इल्पो," ती मध्येच म्हणाली, "तू कुठं राहतोस ते या फोनवर सांगू नकोस. खरं असं काहीच सांगू नकोस आता."

गाडी शहराबाहेर पडली. दोन्ही बाजूंना पाइनचं रान, वर फिकट आभाळ, रस्ता रिकामा. गप्प राहिलं की स्पीकरमधून तो श्वास सगळ्या गाडीत भरायचा. मग त्यानं सुरुवात केली. म्हणाला, माझ्याकडे बारा घोडे आहेत. सायमी म्हणाली, अरे वा, मी तर तरुणपणी सर्कशीत होते. एरवी शेजाऱ्याशी हवापाण्यापलीकडे न बोलणारी ही दोन माणसं, रस्ताभर एकमेकांना थापा मारत होती. त्यानं तिला आपल्या स्पेनमधल्या द्राक्षमळ्याबद्दल सांगितलं. तिनं आपल्या दुसऱ्या नवऱ्याबद्दल सांगितलं, तो आगबोटीचा कप्तान होता आणि लाकडी पायाचा होता. एकदोनदा तर दोघांना हसू आलं. ती बोलत असली की श्वास थांबलेला असायचा.

उइमाहार्यू गाव मागे पडल्यावर तिचा आवाज बसू लागला. मग ती जरा थांबली आणि वेगळ्याच, घरगुती सुरात म्हणाली,

"मुलांना उठवायला हवं आता. तिघंही वर झोपलीत. मोठा पोलिसात आहे, रात्रपाळी करून आला. धाकटे दोघं त्याच्याहून आडदांड. माझ्या अंगाला कुणी हात लावला तर तिघं मिळून चिरडून टाकतील. गाढ झोपलीत बिचारी, वरच्या मजल्यावर."

इल्पोनं ऐकलं. त्या घराला वरचा मजला नव्हता.

स्पीकर गप्प झाला. श्वासही नव्हता. मग सायमी कुजबुजली, "अरे, हे काय."

"काय झालं?"

"जिना चढतंय कुणीतरी."

८

तो पोचला तेव्हा ती बाहेर, दारासमोरच्या पायरीवर बसलेली होती. उन्हाळ्यात अंगावर लोकरीचा कोट, मांडीवर हातपिशवी, पायांत घरात वापरायच्या सपाता. दार तिच्यामागे उघडंच होतं. ती उठून गाडीकडे चालत आली आणि आत बसून तिनं पट्टा लावला.

इल्पो गाडीतून उतरला होता. दार लावून यावं, असं त्याच्या मनात होतं. पायरीपाशी गेला आणि थांबला. आतून पावलं ऐकू येत होती. लाकडी पायऱ्यांवर पडणारी, जड, एकसारख्या अंतरानं, घाई नसलेली. आवाज छताच्या वर होता. तिथं कौलं होती, आणि कौलांवर आभाळ.

तो परत येऊन गाडीत बसला.

"अजून चढतंय," सायमी म्हणाली. "तासभर तरी झाला असेल. चल लवकर, पोचलं की उतरेल."

ते घर अजून विकलेलं नाही. सायमी कुठं राहते हे इल्पो आणि मार्युक्का सोडून कोणाला माहीत नाही, आणि तिघंही ते मोठ्यानं बोलत नाहीत. आकड्यांतली जागा पुसली म्हणून ते बाहेर आलं हे कळल्यावर इल्पोनं त्याच रविवारी ती ओळ किउरूमधून काढून टाकली आणि जुना किउरू पुन्हा सगळ्यांना पाठवला. तार्तूच्या माणसाला त्यानं स्वतःहून मेल केली, उत्तर आलं नाही. पोर्तोहून आलं: ठीक आहोत, पंखा पुन्हा वाजायला लागला, हे काय चाललंय?

तक्रारी अजून येतात. गाणं संपलं तरी प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जातो, पंखा फिरत राहतो, कधी दुरुस्त करणार? इल्पो प्रत्येकाला उत्तर देतो. उत्तर दोनच शब्दांचं असतं.

फिरू द्या.